पऱ्याच्या अंगाला

“तुमचं घर नेमकं कुठे होतं?” बचाव पथकाच्या साहेबांनी पुन्हा विचारलं. भूषणने पुन्हा हात वर केला आणि काहीच न दाखवता खाली घेतला.

दाखवणार तरी काय? समोर वाडीच नव्हती. डोंगराच्या माथ्यापासून खालच्या खाचरांपर्यंत लाल चिखल उतरला होता आणि त्यात मुळं वर करून पडलेली झाडं, वाकलेले पत्रे, एका मोटरसायकलचं चाक. एका बाजूच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, देऊळ तेवढं शाबूत होतं. वाचलेली माणसं त्याच्या ओसरीवर बसली होती आणि जो तो वेगळीकडे बोट दाखवत होता. जन्म त्या वाडीत गेला खरा, पण खुणेचा एक आंबा नाही, एक बांध नाही, तर ओळखायचं कशावरून? आम्ही चिपळूणहून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, भूषण पोचला की धावतच सुटेल घराकडे. तो जागच्या जागी उभा होता.

मग त्याने पाठीवरची पिशवी काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप तो कशाला घेऊन आला होता ते मला तेव्हा कळलं.

“साहेब, नकाशा आहे माझ्याकडे.”

“तलाठ्याचा?”

“नाही. खेळातला.”

साहेब चिडतील असं मला वाटलं. पण तो माणूस इतका थकलेला होता की त्याच्यात चिडण्याचंही बळ नसावं. त्यांनी पडद्याकडे बघितलं. चौकोनी ठोकळ्यांची आमची वाडी तिथे हिरव्यागार डोंगरावर बसली होती. देऊळ, पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी, विहीर, कौलारू घरं, प्रत्येक दारापुढे तुळस.

“मोजून केलंय?”

“टेपने. देवळाच्या पायरीपासून. एक ठोकळा म्हणजे एक मीटर.”

“मग दाखवा.”

भूषणने बोट ठेवलं. “हे आमचं.”

पथकातले दोघं जवान पायरीला टेप लावून निघाले. भूषण पडद्यावरचे ठोकळे मोजून सांगत होता, ते चिखलात मांडीपर्यंत रुतत पुढे जात होते. एका जागी त्यांनी बांबू रोवला, त्याला लाल फडकं बांधलं, आणि साहेबांनी पोकलेनवाल्याला हाक मारली. पोकलेन एकच होतं. चालवणारा इरण्णा विजापूरकडचा, खालच्या रस्त्याच्या कामावरून मशीन घेऊन सरळ इकडे आला होता आणि आल्यापासून खाली उतरला नव्हता. त्याने बांबूच्या जरा अलीकडे मशीन आणलं आणि हलक्या हाताने, भाकरी परतावी तसा, चिखलाचा वरचा थर उचलायला लागला.

भूषणचे आईवडील त्या चिखलात होते. आप्पा आणि काकू. आदल्या दिवशी भल्या पहाटे डोंगर सुटला तेव्हा भूषण चिपळूणला त्याच्या खोलीवर झोपलेला होता.

आम्ही दोघं एकाच कचेरीत नोकरीला होतो. दुकानदारांच्या हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहायची, शिव्या खायच्या, पुन्हा लिहायची. त्याचा वीट आला की भूषण त्या ठोकळ्यांच्या खेळाचा मॉड लिहायचा. मॉड म्हणजे मूळ खेळात आपण घातलेली आपली भर. मूळ खेळात कौल हवेतसुद्धा तरंगायचं. भूषणला ते बघवत नसे. “वाशाशिवाय कौल? लाज नाही वाटत?” असं तो पडद्याला विचारायचा. मग मी त्याच्यासाठी नियम लिहायला लागले. तुम्ही ठोकळा ठेवायला गेलात की खेळ आधी नियमाला विचारतो, इथे चालेल का? नियमाने हो म्हटलं तर ठोकळा बसतो, नाहीतर नाही. कौल वाशावरच बसेल. भिंतीचा चिरा चिऱ्यावर बसेल, नाहीतर घट्ट जमिनीवर. तुळस दारासमोरच. असले आमचे उद्योग. लग्नाचं वय उलटत चाललेली मुलगी ठोकळ्यांशी खेळते म्हणून माझी आई कपाळाला हात लावायची.

आपली अख्खी वाडी त्या खेळात उभी करायची हे खूळ भूषणचं. त्यासाठी मी एका मे महिन्यात त्यांच्या घरी राहायला गेले होते. दिवसा आम्ही टेप धरून घरं मोजायचो आणि दुपारी पडवीत बसून ती खेळात बसवायचो. काकू फणसाचे गरे समोर ठेवायच्या, आप्पा बाजूला बसून बघायचे. गडी मोठा चौकस. काही सोडायचा नाही.

“बाय, त्यात पऱ्याला जागा ठेवलीस काय?” त्यांनी एकदा विचारलं.

पऱ्या म्हणजे डोंगरावरून वाडीच्या मधून उतरणारा ओढा. मे महिन्यात त्याच्यात नावाला पाणी नसतं.

“ठेवलीय की आप्पा. हा बघा, निळा.”

“निळा रंगवून काय उपेग? पऱ्याच्या अंगाला चिरा लावायचा नाय, ह्ये सांग त्याला.”

“खेळातल्या पऱ्याला पूर येत नाही हो.”

“आज नाय येत. उद्या कोन तरी शिकवंल त्याला.”

मला हसू आलं, पण म्हातारा हसत नव्हता. मी म्हटलं, “अंगाला म्हणजे किती? ह्याला नीट सांगावं लागतं.”

आप्पा उठले. पऱ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले आणि तिथून मोजकी, दमदार पावलं टाकत निघाले. अंगण आलं, तुळस आली, पडवी आली. आमच्या समोरून ते माजघरात शिरले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि घराच्या पाठच्या भिंतीपलीकडून आवाज आला, “इतंपातुर!”

काकू हातातला गरा तसाच धरून बसल्या होत्या.

“म्हंजी आपन पऱ्यातच ऱ्हातो,” त्या म्हणाल्या.

मी नियम लिहिला. एक अडचण अशी होती की भूषणने प्रत्येक घराचा आराखडा आधीच करून ठेवला होता, अख्खं घर एका झटक्यात बसायचं. नियमाने एका जरी चिऱ्याला नाही म्हटलं तरी सगळं घर गायब व्हायचं. ते टाळायला मी एक सोय केलेली होती. नाही म्हणायची वेळ आली की घराने वरच्या बाजूची जवळची मोकळी सपाटी शोधायची आणि तिथे जाऊन बसायचं. भूषणने वाडी पुन्हा बसवली. पऱ्याकाठची दोनतीन घरं उठली आणि इकडेतिकडे सरकली. त्यांचं स्वतःचं घर टुणकन उडी मारून वर एका टेपावर गेलं.

“तितं तात्यांचा गोठा हाय,” काकू म्हणाल्या.

“गोठे अजून घातले नाहीत काकू. जागा रिकामी दिसली, म्हणून गेलं.”

“बघा, मशिनीला कळलं, तुमाला नाय कळलं.”

“मला कळत व्हतं,” आप्पा म्हणाले. “वाटनीत ह्योच तुकडा आला, त्याला काय करशील?”

तात्या म्हणजे आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघांमध्ये अबोला होता. एकाच पाखाडीने जायचे यायचे, देवळात एकाच घंटेला हात लावायचे, पण एकमेकांच्या दारात पाऊल नाही. लग्नकार्याचं बोलावणं आलं तरी ते तिसऱ्याच्या तोंडून. वाडीत ह्याचं कोणाला नवल नव्हतं. घरोघर असा एखादा अबोला असायचाच.

“मी हाताने खाली आणून ठेवतो आपलं घर,” भूषण म्हणाला.

“ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले. “तितंच बेस हाय.”

आणि ते तसंच राहिलं. भूषणने मग वर्षभर त्या घराला रंग दिला, माडी चढवली, दारात अबोलीची झुडपं लावली. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत तो ते उघडून बसायचा.

पोकलेनचा आवाज ऐकत मी चिखलाच्या काठाला उभी होते आणि हे सगळं मला आठवत होतं. एकदम लक्षात आलं. आपण खणतोय ती जागा घराची नाही.

मी भूषणजवळ गेले. “अरे, हा नियम लावलेला नकाशा आहे.”

“नाही.”

“भूषण, आप्पा पाठच्या भिंतीपर्यंत चालत गेले होते. तुमचं घर वर सरकलं होतं. हा तात्यांचा गोठा.”

“मी टेपने मोजलंय, वैजे.”

“मोजलंस ते बरोबर. पण बसलं ते...”

“गप बस ना!”

ओसरीवरच्या दोघांतिघांनी वळून बघितलं. भूषणने माझं मनगट धरलं आणि मला जरा बाजूला नेलं.

“तिकडे बघितलंस?” तो म्हणाला.

पऱ्याच्या वाटेवर चिखल पसरलेला नव्हता, चढलेला होता. दोन पुरुष उंच. त्यात घराएवढे धोंडे होते आणि अजूनही मधूनच काहीतरी हलायचं, खाली घसरायचं. इथे टेपावर मात्र चिखल छातीइतकाच असेल नसेल. इथे माणूस जिवंत सापडू शकला असता.

“तिथे होतं म्हणून सांगू? तूच सांग. तिथे होतं म्हणून सांगू साहेबांना?”

मला त्याची दया येत होती आणि त्याचा रागही येत होता, दोन्ही एकदम. वर्षभर ज्या दारात त्याने अबोली लावली, त्याच दाराआड आईबाप आहेत असं त्याने धरून ठेवलं होतं, आणि ते त्याच्या हातून ओढून घ्यायची माझी छाती होईना.

तेवढ्यात शेवंतीवहिनी आल्या. त्यांचं घर भूषणच्या घराला लागून. नवरा आणि सासू चिखलात होती, त्या स्वतः माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. सकाळपासून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. भूषणसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, आमची भित तुमच्या भितीला लागून ना?”

“हो वहिनी.”

“मग आमचं बी इतंच गावंल?”

भूषणने त्यांच्याकडे बघितलं. मग तो तसाच चिखलातून साहेबांकडे चालत गेला.

“साहेब, मशीन थांबवा. घर इथे नव्हतं.”

“काय?”

“खेळातलं घर सरकलेलं आहे. खरं घर खाली, पऱ्याला लागून होतं. आमचं आणि वहिनींचं, दोन्ही.”

“हे तुम्ही आत्ता सांगताय?”

वरून इरण्णाने हात हलवला आणि इंजिन मंद केलं.

“साहेब, लाकूड लागलंय. वासा आहे. जरा अजून बघू काय?”

“गोठ्याचा असेल,” भूषण म्हणाला. “गोठा रिकामा आहे. तात्यांनी गुरं आधीच देवळामागे आणून बांधली होती.”

ते खरं होतं. देवळामागे तात्यांच्या दोन म्हशी उभ्या होत्या. तात्या आणि त्यांची बायको मागच्या दाराने कसेबसे निसटले होते आणि त्यांना तालुक्याच्या इस्पितळात नेलं होतं. घर गेलं, माणसं वाचली.

“साहेब, थोडंच बघतो,” इरण्णा पुन्हा म्हणाला.

साहेबांनी एकदा खड्ड्याकडे बघितलं, एकदा पऱ्याकडे. मशीन एकच. “रिकाम्या गोठ्यावर वेळ घालवायला आपल्याकडे वेळ नाही,” ते म्हणाले. “खाली घ्या.”

खाली मशीन न्यायलाच बराच वेळ गेला, वाट करत करत जावं लागलं. तिथलं काम मी लिहिणार नाही. शेवंतीवहिनींची सासू सापडली, मग नवरा सापडला. त्यांना ओळखायला वहिनींना बोलावलं, आणि त्या वाकून फक्त नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत राहिल्या.

त्यांच्या भिंतीला लागून भूषणचं घर. भिंती कधीच विरघळल्या होत्या. पण दाराची चौकट दारासकट आडवी पडलेली सापडली, एका धोंड्याखाली दबलेली. जवानांनी पहारी लावून धोंडा सरकवला आणि फावड्याने चिखल बाजूला केला.

दाराला बाहेरून कडी होती. कडीत काकूंचं पितळी कुलूप होतं. लावलेलं.

“हे बाहेरून बंद आहे,” साहेब म्हणाले. “म्हणजे घरात कोणी नव्हतं. डोंगर सुटायच्या आधीच निघाले असणार. कुठे गेले असतील? नातेवाईक कोणी?”

भूषण वळला आणि वर पळत सुटला. चिखलात पडला, उठला, पुन्हा पळाला. मी त्याच्या मागे. धावता धावता मला आप्पांची ती पावलं दिसत होती, अंगणातून, पडवीतून, पाठच्या भिंतीपलीकडे. पऱ्याचा आवाज बदलला असेल, म्हाताऱ्याने कान दिला असेल, बायकोला उठवलं असेल. आणि वाडीत पऱ्यापासून लांबची, आपल्या माहितीची बेस जागा कुठली? तात्यांच्या दारात जायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. गोठ्याला दार नव्हतं.

लाल फडक्याचा बांबू तसाच होता. सकाळी उघडा पडलेला वासा तसाच होता. भूषणने हातानेच उकरायला सुरुवात केली. जवान आले, त्यांनी त्याला मागे ओढलं आणि फावडी घेतली. मशीनची गरजच पडली नाही.

आप्पांवर तुळई पडली होती, ते पहिल्या क्षणीच गेले असणार. काकू त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात होत्या. तिथे छपर तिरकं अडकून थोडी पोकळी राहिली होती. त्यांच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. बोटांची नखं तेवढी तुटली होती आणि त्यांत कौलांचा लाल चुरा भरला होता.

पथकाची डॉक्टर बाई खाली वाकली. तिने काकूंचा हात हातात घेतला, कोपरात वाकवून बघितला, पापणी उघडून बघितली.

“कधी?” भूषणने विचारलं.

“नक्की नाही सांगता येत.”

“कधी, मॅडम?”

“फार वेळ नाही झालेला,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत होत्या असं वाटतं.”

भूषण खाली बसला. त्याने काकूंचे पाय मांडीवर घेतले आणि साडीच्या निऱ्या सारख्या करायला लागला. तो रडत नव्हता. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तात्या आले ते ह्याच वेळेला. कपाळाला पट्टी, अंगात इस्पितळाचा सदरा. कोणीतरी त्यांना वाटेत सांगितलं असावं. चिखल तुडवत ते सरळ भावाजवळ आले आणि त्याच्या तोंडावरचा चिखल स्वतःच्या हाताने पुसायला लागले.

“माझ्या गोठ्यात,” ते म्हणाले. “माझ्या गोठ्यात येऊन बसलास? लगत दार व्हतं माझं. हाक मारायची व्हती. एक हाक मारायची व्हती रे, दादा.”

अबोला सुटला तो असा. आमच्यापैकी कोणाला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांचं लक्ष बाजूला गेलं. मशीनच्या दातांचे ओरखडे चिखलात स्पष्ट उमटलेले होते, आणि ते सकाळचे होते, त्यांत पाणी साचलं होतं.

“हितं आदीच खनलेलं हाय,” तात्या म्हणाले. “कवा खनलंत?”

“सकाळी,” एक जवान पुटपुटला.

“सकाळी? मंग थांबलात का?” तात्या उठले. त्यांचा आवाज चढला. “वैनी दुपारपातुर जित्ती व्हती म्हनतायत. थांबवलं कोनी? कोनी थांबवलं, सांगा ना!”

भूषणने काकूंचे पाय हळूच खाली ठेवले. तो उभा राहिला.

“तात्या, मी...”

“मशीन बंद पडलं होतं,” इरण्णा म्हणाला.

तो खालून चालत आला होता, मशीनच्या चाव्या हातात. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो भूषणकडे बघत नव्हता, तात्यांकडे बघत होता.

“गरम झालतं. चालूच होईना. लई खटपट केली मी, पण नाहीच झालं. मग साहेबांनी सोडून द्यायला लावलं.”

तात्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. सगळं बळ एकवटून मारली. इरण्णाच्या डोक्याची टोपी उडून चिखलात पडली. तात्यांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्याच्या मशीनला दिल्या, त्याच्या मुलखाला दिल्या, आणि तो हात खाली सोडून उभा राहिला. साहेबांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मी तिथेच होते, सगळं मला ठाऊक होतं, आणि मी एक अक्षर बोलले नाही. आज इतक्या वर्षांनीही तात्यांना कोणी काही सांगितलेलं नाही.

शेवटी तात्यांचं अंग गळालं. दोघांनी धरून त्यांना भावाजवळ बसवलं. भूषण अजून उभाच होता, तोंड अर्धवट उघडं, सुरू केलेलं वाक्य तसंच अडकलेलं. इरण्णाने वाकून टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि भूषणच्या जवळून जाताना त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

“खाली अजून दोन घरं आहेत,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “अंधार पडायच्या आत करायला हवीत.”

इरण्णा खाली उतरून गेला. आपल्या जागेवर चढून बसला. आम्हा सगळ्यांकडे पाठ करून त्याने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.